एक भेट, नऊ विभाग : ‘ऑटोबायोग्राफी ऑफ इंटरकल्चरल एन्काउंटर्स’ इंग्रजीच्या तासाला कितपत उपयोगी?

इंग्रजीच्या पुष्कळ पाठ्यपुस्तकांत दर दोन-तीन धड्यांनंतर एक ‘कल्चर’चं पान येतं. कुठल्या तरी देशाचं जेवण, सण, पोशाख, एखादी प्रसिद्ध वास्तू आणि खाली चार प्रश्न. मुलं ते आवडीने वाचतात, उत्तरंही बरोबर लिहितात. त्याच देशातला माणूस खरोखर समोर आला की मात्र गडबडतात. त्या पानातून माहिती मिळालेली असते, पण समोरच्याचं वागणं खटकलं तर लगेच मत न बनवता थांबायचं कसं, आणि ते आपल्यालाच का खटकलं हे शोधायचं कसं, याचा सराव कुणी करून घेतलेला नसतो.

कौन्सिल ऑफ युरोपने 2009 साली आणलेली ‘ऑटोबायोग्राफी ऑफ इंटरकल्चरल एन्काउंटर्स’ ही प्रश्नमालिका नेमका हा सराव करून घेते. (कौन्सिल ऑफ युरोप म्हणजे युरोपियन युनियन नव्हे. स्ट्रासबर्गला मुख्यालय असलेली ही 1949 पासूनची वेगळी संघटना आहे. भाषाशिक्षकांना ती भाषेवरची पकड दाखवणाऱ्या ए1 (सुरुवात) ते सी2 (प्रावीण्य) या पातळ्यांमुळे परिचयाची असते.) संघटनेने 2008 मध्ये आंतरसांस्कृतिक संवादावर श्वेतपत्रिका काढली आणि तिच्या पाठोपाठ हे साधन आलं. ते तयार करणाऱ्यांत मायकेल बायरम आणि मार्टिन बॅरेट ही या विषयातली मोठी नावं आहेत. मूळ साहित्य इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये आहे. पीडीएफ फुकट उतरवून घेता येते, छापून वर्गात वाटता येते. सोबत शिक्षकांसाठी मार्गदर्शक टिपा आणि संकल्पना समजावणारी वेगळी पुस्तिका मिळते.

नावातल्या ‘ऑटोबायोग्राफी’ या शब्दाने फसायला होतं. इथे जीवनकथा लिहायची नाही. आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाशी झालेली एकच भेट निवडायची आणि प्रश्नांच्या आधाराने तिच्याकडे पुन्हा पाहायचं. वेगळा म्हणजे परदेशीच असला पाहिजे असं नाही. दुसरी भाषा, दुसरा धर्म, दुसरा प्रदेश, काहीही चालतं. ही व्याख्या सैल ठेवली हे फार बरं झालं. आंतरसांस्कृतिक म्हटलं की दोन देशांचे झेंडेच डोळ्यांपुढे येतात, ती खोड इथे पहिल्याच पानावर मोडते.

या साधनामागचा आराखडा बायरम यांनी 1997 मध्ये मांडलेल्या प्रारूपाचा आहे. त्यात आंतरसांस्कृतिक संवादाच्या क्षमतेचे पाच भाग आहेत : कुतूहल आणि आपलंच खरं न मानण्याची वृत्ती, समाजगटांबद्दलचं ज्ञान, अर्थ लावण्याचं आणि दोन गोष्टी जोडून पाहण्याचं कौशल्य, नवं शोधून ते प्रत्यक्ष संभाषणात वापरण्याचं कौशल्य, आणि पाचवं, स्वतःच्या व दुसऱ्याच्या संस्कृतीकडे चिकित्सकपणे पाहण्याची जाण. या मांडणीत भाषा शिकणाऱ्याचं ध्येय ‘इंग्लिश मातृभाषा असणाऱ्यासारखं बोलणं’ हे उरत नाही. दोन जगांच्या मध्ये उभं राहून दोन्हीकडचं समजून घेणारा माणूस हे ध्येय होतं. इंग्रजीच्या शिक्षकाला हा फरक फार कामाचा आहे, कारण आज अनेकदा इंग्रजीत बोलणाऱ्या दोघांपैकी कुणाचीच ती मातृभाषा नसते.

सुरुवातीला ‘मी कोण’ हा ऐच्छिक भाग आहे आणि तो ऐच्छिकच ठेवावा. त्यानंतर नऊ विभाग. पहिल्यात भेटीला नाव द्यायचं, काय घडलं ते लिहायचं, कधी, कुठे, आणि ती का निवडली हेही. तिने चकित केलं, निराश केलं, आनंद दिला, राग आणला की बदलवलं, अशा तयार सुरुवाती दिलेल्या आहेत आणि प्रत्येकीपुढे ‘कारण’ लिहायचं असतं. दुसऱ्या विभागात समोरच्या माणसाचं वर्णन. हे दोन्ही सोपे दिसतात, आणि पहिली चूक इथेच होते. वर्णन लिहा म्हटलं की विद्यार्थी निकाल लिहितो. ‘ती उद्धट होती’ हे वर्णन नाही, मत आहे. ‘तिने मान खाली ठेवली आणि तीन प्रश्नांना एकेका शब्दात उत्तर दिलं’ हे वर्णन. टिपा वाचून हा फरक लक्षात येईलच अशी खात्री धरू नये. पान वाटण्याआधी फळ्यावर दहा मिनिटांचा सराव घ्यावा. एखादं चित्र दाखवून आधी फक्त दिसतं ते, मग त्याचा लागणारा अर्थ, मग आपलं मत, अशा तीन रकान्यांत वाक्यं टाकायला लावावीत. पहिल्या रकान्यात निम्मी वाक्यं चुकीची पडतात. ती वर्गासमोर उचलून योग्य रकान्यात ठेवली की पुढचं काम अर्ध्याने हलकं होतं.

तिसरा विभाग स्वतःच्या भावनांचा. त्या वेळी काय वाटलं, काय विचार आले आणि प्रत्यक्षात काय केलं हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. तिसरा सगळ्यांत चांगला आहे, कारण तो माणसाच्या पळवाटांनाच हात घालतो : विचित्र वाटलेली गोष्ट दिसलीच नाही असं भासवलंत का, अवघड वळणावर विषय बदललात का, की सरळ विचारलंत? आपण गप्प बसलो हीसुद्धा एक कृती होती, हे बऱ्याच विद्यार्थ्यांच्या इथे पहिल्यांदा लक्षात येतं.

चौथा विभाग या साधनाचा गाभा आहे. समोरच्याला काय वाटलं असेल, ते तुम्हाला कशावरून कळलं, हा अनुभव त्याच्यासाठी रोजचा होता की अनपेक्षित? ‘कशावरून कळलं’ हा छोटा प्रश्न सगळ्यांत जास्त काम करतो. एक नमुना घेऊ. दोन शाळांचे वर्ग व्हिडिओ कॉलवर जोडीजोडीने बोलत आहेत. एकाने विचारलं, ‘व्हॉट डू यू डू आफ्टर स्कूल?’ समोरची मुलगी चार-पाच सेकंद गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘नथिंग स्पेशल.’ पहिल्या फेरीत त्याने लिहिलं, ‘तिला बोलण्यात रस नव्हता.’ आता चौथा विभाग. कशावरून? ती गप्प राहिली, आणि उत्तर छोटं होतं. याच दोन खुणांचे आणखी तीन अर्थ लावायला सांगा. ती मनातल्या मनात वाक्य जुळवत असेल. आवाज उशिरा पोचत असेल. स्वतःबद्दल फार बोलणं तिच्याकडे चांगलं समजत नसतील. किंवा खरंच रस नसेल, ही शक्यताही काढून टाकायची नाही. चार अर्थ वहीत एकाखाली एक आले की पहिल्याची खात्री आपोआप सैल होते. शिक्षकाने ‘दुसऱ्याचा आदर करा’ असं दहा वेळा सांगून जे होत नाही, ते या चार ओळींनी होतं.

तीन अर्थांचा हा नियम मूळ पानात नाही, आपणच घालायचा. तो नसेल तर विद्यार्थी ‘तिलाही आनंद झाला असेल’ असं गोड वाक्य लिहून मोकळे होतात.

पाचव्या विभागात दोघांच्या विचारांतलं साम्य आणि फरक येतो, तेव्हा जाणवलेला आणि आता जाणवणारा असा दोनदा. पाठोपाठ आपलं वागणं योग्य होतं का, वेगळं काय करता आलं असतं, हेही विचारलेलं आहे. इंग्रजीच्या शिक्षकासाठी ही आयती संधी आहे. ‘आय कुड हॅव आस्क्ड’, ‘इट वुड हॅव बीन बेटर इफ’ या रचना एरवी रेल्वे चुकली, छत्री विसरली अशा पोकळ वाक्यांत शिकवल्या जातात. इथे विद्यार्थ्याला त्या खरोखर लागतात. तसंच ‘इट सीम्ड टू मी’, ‘परहॅप्स’, ‘शी माइट हॅव’. अंदाज आणि खात्री यांतलं अंतर भाषेतून दाखवणं हा या क्षमतेचाच भाग आहे, म्हणून हे व्याकरण वरून चिकटवलेलं वाटत नाही.

सातवा आणि आठवा विभाग, म्हणजे आणखी माहिती कशी मिळवली आणि आपल्याकडच्या गोष्टींशी तुलना करून काय समजलं, हे ठीक आहेत. पाचव्यानंतर आठवा काहीसा तेच ते वाटतो. वेळ कमी असेल तर यांतला एकच घ्यावा, आणि तो सातवा असावा, कारण तिथून विद्यार्थी पुन्हा त्याच माणसाला प्रश्न विचारायला जाऊ शकतो.

आता मुख्य तक्रार. सहावा विभाग एकमेकांशी बोलण्याविषयी आहे. इंग्रजीच्या तासाला तो सगळ्यांत भक्कम हवा होता, आणि तोच सगळ्यांत पातळ आहे. समजावं म्हणून तुम्ही बोलणं सोपं केलंत का, हळू बोललात का, हातवारे केलेत का, समोरच्याने तसं काही केलं का, एवढ्याभोवतीच तो फिरतो. हे विचारायला हवंच. पण आंतरसांस्कृतिक गैरसमज बऱ्याचदा न समजल्यामुळे होत नाहीत. शब्द नीट समजतात, व्याकरण बरोबर असतं, आणि तरीही सूर चुकतो. भाषाशास्त्रज्ञ जेनी थॉमस यांनी 1983 मध्ये या प्रकाराला भाषाव्यवहारातली चूक (प्रॅग्मॅटिक फेल्युअर) असं वेगळं काढून दाखवलं आणि तिचे दोन प्रकार केले : एक भाषेचं वळण चुकीचं उचलल्यामुळे होणारी, दुसरी काय बोलणं योग्य याच्या समजुती वेगळ्या असल्यामुळे होणारी. त्यांचंच एक उदाहरण फार बोलकं आहे. रशियनमध्ये ‘हो, नक्की’ अशा प्रेमळ अर्थाने जो शब्द येतो, त्याच्या जागी रशियन माणूस इंग्रजीत ‘ऑफ कोर्स’ वापरतो. ‘इज इट ओपन ऑन संडे?’ असं कुणी विचारलं आणि उत्तर ‘ऑफ कोर्स’ आलं, तर इंग्रज ऐकणाऱ्याला ते ‘एवढंही माहीत नाही?’ असं लागतं.

मराठी बोलणाऱ्याचा असाच एक खड्डा आहे. ‘मला ते पुस्तक द्या’ या वाक्यातला मान ‘द्या’ या रूपातच आहे. इंग्रजीत तेच ‘गिव्ह मी दॅट बुक’ झालं की मान वाटेत गळून पडतो आणि हुकूम उरतो, कारण इंग्रजी तो मान ‘कुड आय’, ‘वुड यू’ अशा प्रश्नाच्या रूपातून आणि आवाजाच्या चढउतारातून दाखवते. ‘प्लीज’ लावून काम भागतं असं वाटतं, पण आज्ञार्थी वाक्याला लावलेलं ‘प्लीज’ कधी कधी हुकूम आणखी धारदार करतं. विद्यार्थी घरी जाऊन लिहितो, ‘मी नीट मागितलं, तरी तो तुटक वागला.’ ऑटोबायोग्राफीचा सहावा विभाग या प्रसंगातून त्याला कारणापर्यंत पोचवू शकत नाही.

यावर उपाय सोपा आहे. सहाव्या विभागाला अर्ध्या पानाची पुरवणी जोडावी. आठवत असेल तर कोण काय बोललं ते शब्दशः लिहायचं, चार ते सहा ओळी पुरेत. प्रत्येक ओळीपुढे बोलणाऱ्याला काय करायचं होतं ते : विनंती, नकार, कौतुक, तक्रार. पुढे ऐकणाऱ्याला ते कसं लागलं असेल. शेवटी तीच ओळ आणखी दोन तऱ्हांनी लिहायची. शब्द नेमके आठवत नसतील तर अंदाजे लिहून तसं नोंदवायचं. हे काम जोडीने केलं तर जास्त चांगलं होतं, कारण स्वतःच्या वाक्याचा सूर स्वतःला कळत नाही.

वेळेचं गणित आधीच घालावं. मोठ्यांची पूर्ण आवृत्ती एका बैठकीत भरायला दिली तर सहाव्या विभागापर्यंत हात दुखतो, आणि मग उरतात एका ओळीची उत्तरं. चाळीस-चाळीस मिनिटांचे चार तास धरावेत. पहिल्यात तीन रकान्यांचा सराव आणि भेटीची निवड. दुसऱ्यात पहिले तीन विभाग. तिसऱ्यात चौथा आणि पाचवा, घाई न करता. चौथ्यात पुरवणीसह सहावा आणि शेवटचा नववा. सातवा घरी. पहिल्या आणि दुसऱ्या तासाच्या मध्ये एखादा दिवस तरी जाऊ द्यावा, कारण भेट निवडायला आठवावं लागतं. पटकन सुचलेली भेट बहुधा ‘मजा आली’ छापाची असते आणि तिच्यात खणायला काही सापडत नाही.

भाषेची पातळी हा दुसरा प्रश्न. सगळं इंग्रजीत लिहायचं तर साधारण बी1 पातळी लागते. त्याखाली विद्यार्थ्याचा विचार मोठा आणि इंग्रजी छोटं असा पेच होतो, आणि दर वेळी बळी विचाराचा जातो. ‘आय वॉज सॅड’ एवढंच उरतं. अशा वर्गात तिसरा ते पाचवा विभाग मातृभाषेत लिहू द्यावा आणि त्यातून पाच-सहा वाक्यांचा गोषवारा इंग्रजीत करवून घ्यावा. इंग्रजीच्या तासाला मातृभाषा कशाला, ही शंका अनेकांना येते. पण दोन भाषांमध्ये अर्थाची ने-आण करणं ही स्वतःच शिकवायची गोष्ट आहे. इंग्रजीतच लिहायचं असेल तर भावनांचे वीसेक शब्द आधी द्यावेत : पझल्ड, एम्बॅरस्ड, लेफ्ट आउट, रिलीव्हड, अनइझी, तीव्र राग आणि किंचित चीड यांतला फरक दाखवणारे अँग्री आणि अनॉइड. शब्द नसला की भावनाही ढोबळ लिहिली जाते.

आणि कृपा करून याला गुण देऊ नका. गुण आले की विद्यार्थी शिक्षकाला आवडेल ते लिहितो : ‘मी सर्व संस्कृतींचा आदर करायला शिकलो.’ ज्या मुलीने प्रामाणिकपणे ‘मला ते आवडलं नाही आणि अजूनही आवडत नाही’ असं लिहिलं तिला कमी गुण मिळतात, आणि पुढच्या वेळी तीही गोड लिहिते. शेवटच्या विभागात नापसंती नोंदवायलाही जागा ठेवलेली आहे, हे विसरू नये. समजून घेणं आणि पसंत करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाल शाईचंही तसंच. ज्या पानावर कुणी आपली लाज लिहिली आहे, त्याच पानावर ‘पास्ट टेन्स चुकला’ असा शेरा पडला तर तो विद्यार्थी तिथे पुन्हा काही खरं लिहिणार नाही. चुका वेगळ्या कागदावर टिपाव्यात आणि दोन-तीन दिवसांनी कुणाचंही नाव न घेता फळ्यावर घ्याव्यात. मूल्यमापन करायचंच असेल तर इंग्रजीतल्या गोषवाऱ्याचं भाषा म्हणून करावं, अनुभवाचं नव्हे.

भरलेलं पान कुणाला दाखवायचं हे लिहिणाऱ्याने ठरवायचं. हे तोंडी सांगून भागत नाही. दाखवायचा आणि न दाखवायचा असे दोन भाग करून द्यावेत, न दाखवायचा भाग घडी घालून वहीत राहू द्यावा. वर्गात मोठ्याने वाचायची सक्ती नको. काही भेटी अपमानाच्या असतात, रंगावरून, भाषेवरून, धर्मावरून झालेल्या. अशा प्रसंगी ‘समोरच्याला काय वाटलं असेल’ हा प्रश्न दुखऱ्या जागी बोट ठेवतो आणि दोष सोसणाऱ्याकडेच सरकवतो. विद्यार्थ्याने अशी भेट निवडली असेल तर चौथा विभाग सोडून द्यायची मोकळीक शिक्षकाने आपणहून द्यावी आणि आधी त्याच्याशी एकट्याने बोलावं. शिक्षक इथे समुपदेशक नाही, पण ऐकून घेऊ शकतो आणि योग्य माणसाकडे पाठवू शकतो.

आणखी एक नेहमीची घसरण : एका माणसाची भेट लिहिता लिहिता वाक्य ‘ती’वरून ‘ते लोक’वर जातं. आठव्या विभागात हे हमखास होतं, कारण तुलना गटांची मागितली आहे. विद्यार्थ्यांनाच पेन्सिल देऊन स्वतःच्या पानातले ‘दे ऑल’, ‘ऑलवेज’, ‘देअर कल्चर’ असे शब्द गोल करायला लावावेत आणि प्रत्येक ठिकाणी विचारावं, हे किती माणसांना भेटून लिहिलं? उत्तर बहुतेकदा ‘एक’ असतं. वाक्य मग ते स्वतःच दुरुस्त करतात.

‘आमच्या वर्गात सगळे एकसारखेच, अशी भेट आणायची कुठून?’ ही अडचण रास्त आहे. तिच्यासाठी 2013 मध्ये आलेली दृश्य माध्यमांची आवृत्ती आहे. तिच्यात छायाचित्र, जाहिरात किंवा चित्रफितीतल्या एका प्रतिमेतून झालेली भेट घेतात, आणि ती प्रतिमा कुणी, कुणासाठी, कशासाठी बनवली हेही तपासतात. पुढे इंटरनेटवरच्या भेटींसाठीही वेगळी आवृत्ती निघाली. ऑनलाइन जोडवर्ग चालवणाऱ्यांनी थेट तीच घ्यावी. मात्र चित्र उलटून बोलत नाही, आपला समज चुकला हे ते सांगत नाही. म्हणून दृश्य आवृत्तीवर काम केल्यावर माणसाशी झालेली एखादी भेट, मग ती कितीही छोटी असो, जरूर घ्यावी. सुमारे अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सोप्या प्रश्नांची आवृत्ती आहे. ती मोठ्या माणसाने वाचून दाखवायची आणि उत्तरं टिपून घ्यायची. तीस मुलांच्या वर्गात हे एकट्या शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचं आहे. पाच-सहा मुलांच्या गटात मात्र छान चालते.

नववा विभाग मागे वळून पाहायला लावतो आणि मग दोन सरळ प्रश्न विचारतो : या भेटीनंतर तुम्ही काही केलंत का, आणि हे सगळं लिहून झाल्यावर काही करायचं ठरवलंत का? बायरम यांच्या प्रारूपातला पाचवा भाग इथे उतरतो. तास संपत आलेला असतो, म्हणून हीच पानं सगळ्यांत जास्त कोरी राहतात. चौथ्या तासातली शेवटची पंधरा मिनिटं फक्त यासाठी राखून ठेवा, आणि उत्तर आठवडाभरात करता येईल इतकं छोटं मागा. वरच्या नमुन्यातल्या मुलाने ‘सर्वांशी चांगला वागेन’ असं लिहिलं तर पान परत द्या. ‘पुढच्या कॉलवर प्रश्न विचारून दहापर्यंत आकडे मोजेन, मग बोलेन’ असं लिहिलं तर ते चालेल, आणि कॉल झाल्यावर काय घडलं ते त्याच पानाखाली त्याला लिहू द्या.